पंचगंगेचं पाणीपातळी पत्रक: आकडा चोख, पण वाचायला नदी माहीत हवी

जुलै लागला की कोल्हापुरात "काय चाललंय?" मागं पडतं आणि "किती फूट झालं?" सुरू होतं. उत्तर जिथून येतं ते पाणीपातळीचं पत्रक. दिवसातून अनेकदा, आणि पूर चढत असताना जवळजवळ तासातासाला ते मोबाईलवर येऊन पडतं. सेवा फुकट आहे आणि शहरातला प्रत्येक माणूस तिचा ग्राहक आहे, म्हणून तिचं परीक्षण एखाद्या पंपाचं किंवा इन्व्हर्टरचं करावं तितक्याच बारकाईनं व्हायला हवं.

आधी निकाल. पाचपैकी साडेतीन. पातळीचा आकडा भरवशाचा आणि वेळेवर असतो. मांडणी मात्र अशी की ज्याला नदीचा रस्ता पाठ नाही त्याला निम्म्या ओळी उगाच घाबरवतात आणि ज्या ओळीला घाबरायला हवं ती नजरेतून सुटते.

पत्रकाचा मथळा म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, फूट आणि इंचात. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. हा बंधारा कसबा बावड्याला, म्हणजे पंचगंगा घाट आणि शिवाजी पुलाच्या खालच्या अंगाला आहे. शहराला लागून गेलेलं पाणी पुढं तिथं मोजलं जातं. 39 फूट म्हणजे घाटावर 39 फूट खोल पाणी, असा समज अनेकांचा असतो. तसं नाही. तो बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचा आकडा आहे. त्याचा उपयोग खोली कळण्यासाठी नाही, कालच्या आकड्याशी आणि 2019 किंवा 2021 च्या महापुराच्या आकड्याशी तुलना करण्यासाठी आहे. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर.

नुसता आकडा वाचून मोबाईल खिशात टाकला तर पत्रक वाया गेलं म्हणायचं. वेळेसकट दोन आकडे कागदावर लिहावेत आणि वजाबाकी करावी. सकाळी 8 ला 39 फूट आणि दुपारी 12 ला 39 फूट 8 इंच, म्हणजे तासाला 2 इंच. 43 ला अजून 40 इंच बाकी, म्हणजे याच चालीनं 20 तास. चाल तासाला 1 इंचावर आली की तेच 40 तास होतात. घरातलं सामान वर चढवायचं की जनावरं आधी हलवायची, हे ठरतं ते या चालीवरून. पत्रकात ही चाल छापलेली नसते, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. एक रकाना वाढवला तरी काम भागेल: मागच्या नोंदीपासून किती इंच चढलं किंवा उतरलं.

आता नदी. हिचं नावच सांगतं की पाणी एका ठिकाणाहून येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती. तुळशी आणि कुंभी आधी भोगावतीला मिळतात, मग प्रयाग चिखलीला कासारी येते आणि तिथून पुढं नाव पंचगंगा. शहराला उत्तरेकडून वळसा घालून शिरोली, रुई, इचलकरंजी करत ती नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. लांबी जेमतेम 80 किलोमीटर. वरचे फाटे सह्याद्रीच्या उतारावरून धावत येतात आणि खाली सपाट, उसाच्या रानात नदी संथ होते. वरून भरभर येणारं आणि पुढं हळूहळू जाणारं पाणी, हाच तिच्या पुराचा स्वभाव.

हे डोक्यात ठेवून पत्रकातला धरणांचा तक्ता बघा. राधानगरी, तुळशी, वारणा, दूधगंगा, कासारी, कडवी, कुंभी, पाटगाव, सगळी एका रांगेत. त्यातली राजाराम बंधाऱ्याची पातळी ठरवणारी फक्त चार: राधानगरी, तुळशी, कुंभी, कासारी. वारणेचं पाणी सांगलीजवळ कृष्णेत जातं, कडवी वारणेला मिळते, दूधगंगा आणि पाटगावची वेदगंगा दक्षिणेकडून वेगळ्या वाटेनं कृष्णेला जातात. "वारणेतून विसर्ग वाढवला" ही ओळ वाचून शहरातल्या गंगावेशीतल्या माणसानं सामान आवरायला घेण्याचं कारण नाही. शिरोळ तालुक्यातल्या माणसानं मात्र ती ओळ आधी वाचावी. तक्ता नदीवार लावला असता तर हा घोळ आपोआप संपला असता.

पावसाच्या तक्त्याचंही तेच. चंदगड, आजऱ्याचे मोठे आकडे पंचगंगेसाठी मोजायचे नाहीत. ते पाणी ताम्रपर्णी, हिरण्यकेशीचं. बघायचा तो गगनबावडा, कारण कुंभी तिकडून येते. भोगावतीसाठी राधानगरी आणि कासारीसाठी शाहूवाडी-पन्हाळ्याची पश्चिम बाजू. शहरात ऊन पडलेलं असतानाही पातळी चढते ती याच मुलखामुळं. शिवाय तक्त्यातला पाऊस मागच्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे आकडा वाचताना त्यातलं बरंच पाणी ओढ्यातून नदीत आलेलंच असतं.

राधानगरीची ओळ जरा थांबून वाचावी. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण 8.36 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) आहे आणि त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं दरवाजा आपसूक उघडतो आणि पातळी उतरली की आपसूक मिटतो. एका दरवाजातून 1428 क्युसेक, शिवाय वीजगृहातून सुमारे 1500. सातही उघडले की साधारण साडेअकरा हजार क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. 11,574 क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी होतो. म्हणजे सातही दरवाजे चोवीस तास उघडे राहिले तर भोगावतीत जवळजवळ एक टीएमसी पाणी येतं. "राधानगरीचे सात दरवाजे उघडले" या बातमीचं वजन इतकं आहे. पण ते पाणी त्याच घटकेला कोल्हापुरात येत नाही. बंधाऱ्यांवरून, रानातून पसरत यायला तास जातात. संध्याकाळच्या पत्रकात उघडलेले दरवाजे पातळीत दिसतात ते पुढच्या पत्रकांत. दरवाजे स्वयंचलित असल्यानं दोन पत्रकांच्या मधे त्यांची संख्या बदलूही शकते, म्हणून वेळ बघितल्याशिवाय ती ओळ पुढं पाठवू नये.

सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि खरं तर सगळ्यात कामाचा भाग म्हणजे पाण्याखालच्या बंधाऱ्यांची यादी. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीनं उभे खांब, खांबांना खाचा, आणि पावसाळा सरला की त्या खाचांत बसवायचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पाणी खांबांच्या मधून निघून जातं. वरून लोकांची ये-जा असते. बंधारा पाण्याखाली म्हणजे तो रस्ता बंद. राजाराम बंधारा पातळी वीस फुटांच्या आसपास असतानाच बुडतो, त्यामुळं त्याच्या नावानं घाबरायचं काही नाही. यादीत सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ दिसले तर ती पंचगंगेची बातमी. हळदी, राशिवडे, सरकारी कोगे दिसले तर भोगावतीची. यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे ही कासारीची. एका नदीवरचे बंधारे वरून खाली ओळीनं बुडत आले की पाणी कुठून चढतंय ते नकाशाशिवाय कळतं. इतकी चांगली माहिती पत्रक देतं आणि ती एका लांबलचक परिच्छेदात, स्वल्पविरामांनी जोडून टाकतं, याचं वाईट वाटतं.

पत्रकात एक गोष्ट नसते, आणि कुणी अपेक्षाही ठेवू नये: रेडेडोह. रेडेडोह फुटला म्हणजे नदीचं पाणी पात्र सोडून पन्हाळ्याच्या रस्त्याकडं वळलं. आंबेवाडी, चिखलीला याच टप्प्यावर माणसं आणि जनावरं हलवायची घाई होते. ही खबर तोंडोतोंडी आणि फोनवरून येते, आणि ती पत्रकाला पूरक आहे. एकदा पाणी रानात शिरलं की पातळीची चाल मंदावते, कारण आता एक इंच चढायला कैक पटीनं जास्त पाणी लागतं. पत्रकातला आकडा "थांबला" असं वाटतं. पाणी थांबलेलं नसतं, पसरत असतं. 43 च्या पुढचा एक इंच आणि 30 च्या आतला एक इंच सारखा धरला की फसगत होते.

तुलनेसाठी बाहेरची एक नदी घ्यावीशी वाटते, जर्मनीतली आर. लांबीला आपल्या पंचगंगेएवढीच, 85 किलोमीटरच्या आसपास. आयफेलच्या डोंगरात ब्लँकेनहाइम गावी एका जुन्या लाकडी चौकटीच्या घराच्या तळघरात ती उगम पावते आणि झिन्त्सिशजवळ ऱ्हाइनला मिळते. मधला टप्पा, आल्टेनारच्या आसपासचा, अरुंद दरीचा. दोन्ही बाजूंना पाटीच्या दगडाचे उभे कडे, त्यावर द्राक्षमळे, खाली नागमोडी पात्र आणि पात्राला खेटून गावं. लाल वाइनसाठी हे खोरं नावाजलेलं आहे. एरवी गुडघाभर पाण्याची शांत नदी. 14 जुलै 2021 च्या रात्री, म्हणजे कोल्हापूरच्या त्या वर्षीच्या महापुराच्या जेमतेम आठ-दहा दिवस आधी, तिनं सव्वाशेहून अधिक माणसं नेली.

तिथली पातळी सेवा दिसायला आपल्यापेक्षा कितीतरी सरस. आपोआप मोजणारी यंत्रं, संकेतस्थळावर आलेख, पुढच्या तासांचा अंदाज. आल्टेनारच्या यंत्रावर तोवरचा उच्चांक 2016 चा, 3.71 मीटर. त्या संध्याकाळी अंदाज आधी वर गेला, मग खाली आणला गेला, मग पुन्हा चढवला गेला. पावणेसहा मीटरच्या आसपासची नोंद देऊन यंत्रच गप्प झालं. पाणी पुढं किती चढलं ते नंतरच्या खुणांवरून काढावं लागलं, आणि ते दहा मीटरपर्यंत गेलं असं धरतात. झाडं, गाड्या, मोडकं सामान पुलांच्या कमानींत अडकून पुलांचीच धरणं झाली, त्यानं पाणी आणखी तुंबलं. आरला पसरायला रान नाही, म्हणून तिचं पाणी तासाला मीटरच्या हिशेबात चढलं. पंचगंगेला रान आहे, म्हणून ती इंचाच्या हिशेबात चढते. आपल्याला पत्रक वाचून, बेरीज-वजाबाकी करून घर आवरायला जो वेळ मिळतो तो या सपाट रानानं दिलेला आहे. पूररेषेत भराव टाकणारा प्रत्येक जण त्या वेळातून काहीतरी काढून घेतो.

तिकडून घेण्यासारखं काय? आलेख. मागच्या तीन दिवसांची एक चढती-उतरती रेघ पत्रकाच्या डोक्यावर छापली तर शाळकरी पोरालाही चाल कळेल.

घरासाठी स्वतःचा आकडा काढून ठेवावा. 2021 ला पातळी 56 फुटांवर असताना भिंतीवरची खूण उंबऱ्यापासून साडेतीन फूट वर असेल, तर उंबऱ्याला पाणी लागायचा आकडा साधारण साडेबावन्न. त्यातून दोन फूट सावधगिरीचे वजा करावेत, कारण गटारातून आणि मोरीतून पाणी उंबऱ्याच्या आधी येतं. जयंती नाल्याच्या काठानं, सुतारवाड्यासारख्या सखल भागात हे गणित नदीवर एकट्यानं चालत नाही. नदीचं पाणी नाल्यात मागं फुगतं, त्यातच शहरात जोराचा पाऊस झाला तर पातळी न वाढताही पाणी दारात येतं. हा आकडा मीटरच्या पेटीजवळ रंगानं लिहून ठेवावा. भाडेकरू बदलले तरी तो घराबरोबर राहतो.

पत्रक पुढं पाठवताना तारीख आणि वेळ असलेला वरचा भाग कापू नये. मागच्या वर्षीचं चित्र आजचं म्हणून फिरतं ते असंच. "आत्ता 50 फूट" असा नुसता मजकूर आला आणि मागच्या पत्रकात 44 असेल, तर तो खोटा आहे हे चालीवरून लगेच कळतं. पंचगंगा दोन तासांत सहा फूट चढत नाही.

पाणी उतरताना पत्रकाकडं कुणी बघत नाही, तेव्हा ते जास्त बघावं. पाऊस थांबला, राधानगरीचे दरवाजे मिटले, तरी आकडा दिवसाला काही इंचच उतरतो, कारण खाली नृसिंहवाडीला कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेला जायला वाटच नसते. त्या दिवसांत पत्रकातली सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी वाचावी. तिथं इशारा 40 फूट, धोका 45. ती उतरायला लागली नसेल तर शिरोळ, कुरुंदवाडच्या माणसांनी परतायची घाई करू नये, आणि कोल्हापुरातही 39 च्या खाली आल्याशिवाय तळमजल्यावर सामान उतरवू नये.