कळांच्या वेळी सोबत कोण: डूला की आई?

डूला म्हणजे बाळंतपणात धीर द्यायला फी घेऊन सोबत राहणारी प्रशिक्षित बाई. मुंबईतल्या अनेक प्रसूतिगृहांत लेबर रूममध्ये एकालाच आत घेतात. म्हणून हा निर्णय सातव्या महिन्यातच घ्यावा.

आईचा हात डोक्यावरून फिरला की अर्धी भीती पळते, आणि फी नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही अशा सोबतिणीला मुभा दिली; तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं, ही त्यातली एक अट. पण लेक कळवळली की आधी आईचाच धीर सुटतो, हे कितीतरी घरांत होतं.

डूला तिथे डगमगत नाही. कळ आली की माकडहाडाच्या वर तळहाताने घट्ट दाबून धरते, ओसरली की कूस बदलायला लावते, पाण्याचा घोट देते. डॉक्टर काय म्हणाले ते सोपं करून सांगते. तपासणी आणि औषधं मात्र तिचं काम नाही. ती सुईण नव्हे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (या आंतरराष्ट्रीय संस्थेने २६ अभ्यास एकत्र तपासले) अखंड सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझेरियनचं प्रमाण कमी आढळलं.

खर्च झेपत असेल तर पहिलटकरणीने डूलाच घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. आई पुढच्या सव्वा महिन्यात जास्त लागते. फक्त डूलाला आगाऊ पैसे देण्याआधी रुग्णालय तिला आत सोडेल का, ते विचारून घ्या.