नवजात बाळासाठी कूलिंगचा उपचार : सांगलीतील या एनआयसीयूबद्दल

जन्मतः न रडलेल्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला असल्यास त्याचे शरीर ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार (कूलिंग) या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतो. माझ्या भाचीच्या मुलाला जत तालुक्यातील प्रसूतिगृहातून येथेच आणले होते.

उपचार जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, कारण गुदमरलेल्या पेशी थोडा वेळ सावरतात आणि काही तासांनी त्यांची ऊर्जा पुन्हा ढासळते. ही दुसरी पडझड कमी करण्यासाठी शरीराचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणतात. जतहून येण्यातच बराच वेळ जातो, म्हणून येथील डॉक्टरांनी आधीच फोनवर सूचना दिल्या आणि बाळ पोचताच कूलिंग सुरू केले, ही मोठीच जमेची बाजू.

खरे कौशल्य बाळाला थंड ठेवणाऱ्या गादीपेक्षा देखरेखीत आहे. गुदद्वारातून आत बसवलेल्या, तापमान मोजणाऱ्या प्रोबचे आकडे सिस्टर सतत तक्त्यात उतरवत होत्या. आजीने आणलेले टोपडे आणि दुपटे त्यांनी परत दिले, पण बाळ उघडे का ठेवायचे, हृदयाचे ठोके मंद का पडतात, हे न चिडता समजावले. नंतर ऊब देतानाही घाई नव्हती. तापमान तासाला अर्ध्या अंशाहून अधिक वाढू दिले नाही, कारण भराभर ऊब दिल्यास झटके येण्याची भीती असते.

संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलिक्स या कूलिंगवरील संशोधन-चाचणीबद्दल स्वतःहून सांगितले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील त्या चाचणीत कूलिंगमुळे मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही, उलट थंड ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यू अधिक झाले. श्रीमंत देशांतील चाचण्यांचे निष्कर्ष मात्र अनुकूल होते. आमच्या बाळाला हा उपचार का सुचवत आहोत, हे त्यांनी रक्ताचे रिपोर्ट दाखवून मांडले. असा मोकळेपणा मी तरी इतरत्र फारसा पाहिलेला नाही.

उणिवा आहेत. रात्री नातेवाइकांना माहिती द्यायला कोणी नसते आणि बसायची जागा अगदीच अपुरी आहे. खर्चाच्या अंदाजात एमआरआय आणि रुग्णवाहिका धरलेली नव्हती, त्यामुळे अंतिम बिलाने दचकायला झाले. दाखल करतानाच सर्व बाबींचा आकडा लेखी मागून घ्यावा.