काखेतला फुगवटा: ठेवावा, चरबी ओढून काढावी की कापून?

ब्लाऊजचा मुंढा तिसऱ्यांदा उसवताना कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरची शिवणवाली म्हणाली, "ताई, माप बरोबर हाय, काखच फुगलीया." पाळी तोंडावर आली की तिथं ठणकायचं, सरली की नरम. साधी चरबीची गाठ अशी पाळीच्या हिशेबानं दुखत नाही. स्तनाच्या ग्रंथी दुखतात. गर्भात काखेपासून जांघेपर्यंत दुधाची रेषा असते, म्हणजे जिथून स्तन तयार होतात ती पट्टी. तिचा तुकडा काखेत विरायचा राहून गेला की तिथं जादा स्तनग्रंथी उरतात. पुष्कळींना तो बाळंतपणात, दूध भरल्यावरच कळतो.

आधी नक्की काय आहे ते पाहायचं. सर्जन हातानं चाचपतात, मग स्तन आणि काखेची सोनोग्राफी. चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफीही. टणक, वाढती गाठ लागली तर सुईनं तुकडा काढून तपासतात. ते टाळू नका. क्वचित का होईना, इथंही कर्करोग होतो.

निदान साधं आलं आणि त्रास बेताचा असेल, तर काहीच न करणं हाही उपायच. बाळंतपणात काख दगडासारखी झाली तर थंड शेक द्यायचा, दाबून दूध काढत बसायचं नाही.

लायपोसक्शनची, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढण्याची भुरळ पडते, कारण छेद जेमतेम काही मिलिमीटरचा. पण नळीतून येते ती चरबी. ग्रंथी चिवट असतात, मागे राहतात आणि पुढच्या गरोदरपणात पुन्हा फुगतात. कातडी सैल असेल तर ती लोंबतेच. मला तरी चरबी जास्त असेल तेव्हाच हे पटतं.

कापून काढलं की ग्रंथी आणि जादा कातडी दोन्ही जातात. बदल्यात काखेच्या घडीत व्रण, कधी आत पाणी साठणं, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा. माझ्या जावेनं हेच केलं. दोनेक आठवडे तिला वरच्या फळीवरचा डबा काढता येत नव्हता, वेणीसुद्धा लेक घालायची. काही सर्जन दोन्ही पद्धती एकत्र वापरतात.

गरोदर असताना किंवा अंगावर पाजत असताना यातलं काहीच करू नये.

खर्चाची धास्ती असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत केस पेपर काढून सुरुवात करा. विमा कंपन्या सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाहीत, म्हणून दुखणं कागदावर लिहून घ्या आणि मंजुरी आधीच विचारा. खासगीत कोटेशन घेताना भूल आणि पॅथॉलॉजी त्यात धरलीय का, हे पाहा. काढलेला भाग तपासायला गेलाच पाहिजे.