मायक्रोग्लियावरच्या कामासाठी आर२१ की थेट आर०१?

एचआयव्ही आणि व्यसन यांचा मारा एकत्र बसला की मेंदूतल्या मायक्रोग्लियाचं (तिथल्या प्रतिकारपेशींचं) काय होतं, या प्रश्नावर अमेरिकेत नवी लॅब थाटणाऱ्याला आज ना उद्या ग्रँटसाठी नायडाकडे (सरकारी आरोग्य-संशोधन संस्था एनआयएचची व्यसनांवर काम करणारी शाखा) जावंच लागतं. पहिलं प्रपोजल आर२१चं (छोटी, दोन वर्षांची ग्रँट) टाकायचं की आर०१चं (मोठी, जास्त वर्षांची ग्रँट), यावर मात्र दोन तट आहेत. मी दोन्ही ग्रँटवर काम केलं आहे. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण आधी आर२१ला न्याय देतो.

सहा पानांच्या प्रपोजलमध्ये काम होतं, प्रिलिमिनरी डेटाची (आधीच केलेल्या प्रयोगांच्या निकालांची) सक्ती नाही, आणि दोन वर्षं मिळून थेट खर्चाला २ लाख ७५ हजार डॉलर मिळू शकतात, एका वर्षात २ लाखांपेक्षा जास्त नाही. तुमचं काम टिश्यूवर किंवा तयार डेटावर असेल तर एवढं पुरतं. १९९८पासून चालू असलेल्या नॅशनल न्यूरोएड्स टिश्यू कन्सॉर्शियमकडून मेंदूचे नमुने मागवायचे, ओपिऑइड (मॉर्फिनसारखी अफूवर्गीय द्रव्यं) घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या रुग्णांच्या मायक्रोग्लियात विषाणूचा डीएनए शोधायचा. किंवा नायडाच्याच स्कॉर्च प्रकल्पातला सिंगल-सेल (एकेका पेशीचा) डेटा नव्या प्रश्नासाठी पुन्हा उकलायचा. अशा कामाला दोन वर्षं बरी पडतात. उगाच आर०१च्या मागे लागू नये.

माझं काम जिवंत पेशींवरचं. आयपीएस पेशींपासून (दात्याच्या साध्या पेशींपासून केलेल्या स्टेम सेल) मायक्रोग्लिया करायचे, त्यांना एचआयव्हीची लागण करायची, वर मॉर्फिन द्यायचं. इथे आर२१ची दोन वर्षं अशी काही आटतात की विचारू नका.

मॉर्फिन, कोकेन, मेथ सगळी शेड्यूल दोनमधली, म्हणजे कडक नियंत्रणाखालची. ती हाताळायला डीईएचं (अमली द्रव्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं) रजिस्ट्रेशन लागतं आणि ते जागेशी बांधलेलं असतं. विद्यापीठ बदललं की नव्याने अर्ज. नायडा संशोधकांना ही द्रव्यं पुरवतं, पण रजिस्ट्रेशन झाल्यावरच. पावडर कुलपात, वजन केलेला मिलिग्रॅम न् मिलिग्रॅम रजिस्टरमध्ये. तराजूच्या काट्यावर उरलेल्या चिमटीचाही हिशेब द्यावा लागतो. एचआयव्हीसाठी बायोसेफ्टी समिती वेगळी. आमच्याकडे एका समितीला दुसरीचा कागद आधी हवा होता आणि दुसरीला पहिलीचा. तोवर पोस्टडॉकचा पगार ग्रँटमधून चालूच.

कागद जमले तरी पेशी आपल्या गतीनेच चालतात. आयपीएसपासून मायक्रोग्लिया हाती यायला पाच-सहा आठवडे जातात. एखाद्या दात्याची बॅच शेवटच्या आठवड्यात प्लेट सोडून तरंगायला लागली की पुन्हा पहिल्यापासून. एका दात्यावर भागत नाही. एनआयएच २०१६पासून स्त्री-पुरुष फरकाचा विचार मागते आणि रिव्ह्यूअर तो मुद्दा सोडत नाहीत. निकाल कुठे जरा बोलायला लागले की ग्रँट संपते. नो-कॉस्ट एक्स्टेन्शन मिळतं, पण नावाप्रमाणे त्यात वेळ असतो, पैसा नाही. आणि आर२१ रिन्यू होत नाही. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

आर०१ पाच वर्षांपर्यंत चालते, पुढे रिन्यू करता येते, आणि थेट खर्च वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत असेल तर मॉड्युलर बजेटमध्ये (बाबवार तपशील न देता) भागतं. त्याहून मोलाची मला त्यातली बारा पानं वाटतात. या विषयाच्या प्रपोजलला तीन जातींचे रिव्ह्यूअर भेटतात. विषाणूवाला विचारतो की प्रोव्हायरस (पेशीच्या डीएनएत शिरलेला विषाणू) खरंच मायक्रोग्लियात आहे, की रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रतिकारपेशींमध्ये? व्यसनवाला म्हणतो, डिशमध्ये मॉर्फिन ओतणं म्हणजे व्यसन नव्हे, प्राणी स्वतः द्रव्य घेतोय असं मॉडेल कुठे आहे? इम्युनॉलॉजीवाल्याला ‘अॅक्टिव्हेटेड मायक्रोग्लिया’ एवढं ढोबळ लेबल वाचूनच कपाळाला आठ्या पडतात. (तो बरोबर आहे, पण ते असो.) सहा पानांत एकाचं समाधान होतं. बारा पानांत इकोएचआयव्ही उंदरांचा (उंदरांना लागण होईल असा बदललेला एचआयव्ही दिलेल्या) एक एम, म्हणजे एक उद्दिष्ट, घालता येतो, त्या मॉडेलच्या मर्यादाही आपणच आधी मांडता येतात, आणि तिघांनाही काहीतरी देता येतं.

आर२१च्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ती घेतल्याने अर्ली स्टेज इन्व्हेस्टिगेटरचा (नवख्या संशोधकाचा) दर्जा जात नाही. खरं आहे. पण त्या दर्जाचा फायदाही आर२१ला मिळत नाही. नवख्यांना जे झुकतं माप मिळतं ते आर०१लाच, आणि शेवटच्या पदवीपासूनची १० वर्षं दोन्हीकडे सारखीच सरतात. आर२१ मिळवणं सोपं, हाही एक समजच. एनआयएचमध्ये तिचं यशाचं प्रमाण साधारणपणे आर०१पेक्षा कमीच राहत आलं आहे.

अर्थात आर०१ला डेटा लागतो आणि तो आकाशातून पडत नाही. स्टार्टअपचे पैसे (नवी लॅब थाटायला विद्यापीठ देतं ते) त्यासाठीच मोडावेत, असं माझं मत. तुमच्या विभागाचं वेगळं असू शकतं. नायडाच्या अव्हेनिर पुरस्काराची (नवख्या संशोधकांसाठीची ग्रँट) जाहिरात चालू असेल तर तीही जरूर पाहा, मात्र तो मिळाला की नवखेपणाचा दर्जा गेला.

काहीही ठरवलंत तरी डीईएचा अर्ज आजच भरा, ग्रँटची वाट पाहू नका. आणि स्पेसिफिक एम्सचं (उद्दिष्टांचं) पान नायडातल्या प्रोग्राम ऑफिसरला पाठवून फोनवर बोलून घ्या. ते ‘आधी आर२१ टाका’ म्हणाले तर कारण विचारा. डेटा कमी पडतोय म्हणून सांगत असतील तर सहा महिने थांबून डेटा जमवा आणि आर०१च टाका.