लॉन की परस? घराभोवतीची मोकळी जागा ठरवताना

बंगल्याभोवती हजारभर चौरस फूट जागा उरली की घरात दोन तट पडतात. एकाला हवं लॉन, पाम, पेव्हर ब्लॉक आणि झाडांखाली दिवे. दुसऱ्याला हवी परसबाग: कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, पारिजातक, दारात तुळस. मोबाइलवरचे फोटो बघून यातलं काहीच ठरवू नका. उन्हाळ्यात पाणी किती मिळतं आणि घरात रोज कोण असतं, एवढं आधी बघा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. देशावर एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीतून दिवसाला निदान ५ मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे दर चौरस मीटरला ५ लिटर. सगळ्या जागेवर लॉन केलं तर रोजचे साडेचारशे लिटरच्या वर गेले. ज्या वस्तीत मार्चपासून टँकर सुरू होतात, तिथे हे पाणी गवताला घालणं मला पटत नाही. मुळं धरलेल्या लिंबाला किंवा सोनचाफ्याला मात्र आळं करून, वर पालापाचोळ्याचा थर देऊन आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी दिलं तरी पुरतं. शिवाय लॉनला ऊन लागतं. झाडं मोठी झाली की सावलीतलं गवत विरळ होतं आणि तिथे माती उघडी पडते.

पेव्हरचं दुखणं वेगळं. चिखल होत नाही, गाडी लावता येते, हे खरं. पण खाली काँक्रीट ओतलं की पावसाचं पाणी मुरायचं थांबतं आणि उन्हाळ्यात फरशी संध्याकाळीही तापलेली असते. लावायचेच तर वाळूवर, सांधे मोकळे ठेवून लावा.

तरीही नव्या पद्धतीची एक गोष्ट जरूर घ्यावी, ती म्हणजे मांडणी. बसायला कट्टा कुठे, चालायला वाट कुठून, पाणी कुठे वाहून जाणार, हे आधी कागदावर काढलं जातं. आपल्या परसात जागा मिळेल तिथे झाड लागतं, आणि दहा वर्षांनी फणस भिंतीला टेकतो.

परसात कष्ट आहेत. शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे थवे येतात, फांद्या वाऱ्याने मोडतात. छोट्या जागेत तो नकोच. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं वेळच्या वेळी काढावी लागतात. पारिजातकाचा सडा रोज झाडावा लागतो. पण घरात आजी-आजोबा किंवा मुलं असतील तर हेच काम आवडीचं होतं. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी शोधा. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते, त्यांना उग्र वास असतो. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन याच लिंबूवर्गीय झाडांवर वाढतं. चार पानं खाल्ली म्हणून फवारणी करू नका. पाम आणि ड्युरांटाच्या कुंपणात मुलांना हे बघायला मिळणार नाही.

घर वर्षातले आठ महिने बंद राहणार असेल, मुलं परदेशात असतील, तर परसाचा हट्ट नको. पण तेव्हाही लॉन करू नका, कारण पावसाळ्यात ते दर आठ-पंधरा दिवसांनी कापावं लागतं. खडीचा थर, देवचाफा, कोरफड, बोगनवेल एवढं लावा आणि ठिबकला टायमर बसवा.

बाकी कुणालाही मी परसच सांगेन. मुलांना लोळायला हिरवळ हवीच असेल तर शंभर चौरस फुटांचा तुकडा पुरतो, तोही हरळीचा. कलमी सोनचाफा घेतला तर तो आटोपशीर राहतो आणि लवकर फुलतो. खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू द्या, शेणखत-माती भरून ठेवा आणि दोन चांगले पाऊस झाले की रोपं लावा.