न बदललेला ईसीएम

‘सर, ईसीएम गेलाय.’ गॅरेजवाल्यानं स्कॅनर माझ्यापुढे धरला. पडद्यावर यू०१०० हा कोड. त्याचा अर्थ एवढाच, की ईसीएमशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी, संपर्क तुटलाय. त्यानं मला सांगितलं, कॉम्प्युटर जळाला. फोन लागला नाही म्हणून समोरचा माणूस मेला असं आपण म्हणत नाही, पण गाडीपुढे अक्कल गहाण पडते. मी मान डोलावली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कराडजवळ हायवेला गाडी दोनदा बंद पडली होती. सेल मारला की कधी लागायची, कधी नुसती टिकटिक. ‘नवा घ्याल तर ४५ हजार. रिपेअर केलेला २६ मध्ये बसवतो, जुन्याचा डेटा कॉपी करतो, चावी पण तीच चालेल.’ दोन दिवसांत गाडी चालू होऊन मिळाली. जुना ईसीएम मागितला, तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला. बिल कच्चं, त्यावर ‘ईसीएम वर्क’ एवढंच.

तीन आठवड्यांनी पुन्हा टिकटिक.

या वेळी मेव्हण्यानं स्टँडमागच्या एका जुन्या वायरिंगवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी स्कॅनर लावलाच नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरला दोन वायरी, हे त्यांचं हत्यार. बॅटरी बघितली, १२.५ व्होल्ट. ईसीएमचा कनेक्टर काढून आधी सप्लाय तपासला, ठीक होता. मग बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी ईसीएमच्या अर्थच्या (अर्थिंगच्या) वायरीला. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल, मिणमिणता. त्याच वायरीला मल्टिमीटर मात्र खणखणीत बीप देत होता.

‘काका, मीटर तर चांगली दाखवतोय.’

‘मीटरला एक तार शाबूत असली तरी पुरते दादा. ओझं टाकल्याशिवाय वायरीची लायकी कळत नाही.’

बॅटरीचा ट्रे उचलला. खाली बॉडीला कसलेल्या अर्थच्या लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीवर, हिरवट-पांढरी भुकटी साचलेली, नट फिरवला तर लग हातातच आली. नवी लग, पॉलिश पेपरनं पत्रा घासला, वरून ग्रीस. बल्ब लख्ख. कनेक्टर परत बसवून इंजिन चालू ठेवलं आणि बॅटरीचं मायनस ते ईसीएमचा अर्थ असं मोजलं: ०.०४ व्होल्ट. ‘०.१ च्या आत पाहिजे,’ काका म्हणाले. मजुरी ६०० रुपये.

मग मी २६ हजारांचं सांगितलं. काका काही न बोलता टॉर्च घेऊन खाली वाकले. ईसीएमच्या ब्रॅकेटचे बोल्ट दाखवले. डोक्यांवर वाळलेला चिखल, कडेचा रंगही तुटलेला नाही. ‘याला पानाच लागलेला नाही. बॅटरी काढताना वायर हलली असेल, तेवढ्यावर चालली तीन आठवडे.’

गाडी देण्याआधी ईसीएमच्या स्टिकरवरच्या नंबराचा फोटो काढायला एक मिनिट लागलं असतं. नवा नंबर बिलावर, जुना भाग डिकीत, एवढं आधीच ठणकावून सांगितलं असतं तर गॅरेजवाल्याची छाती झाली नसती. आणि सप्लाय-अर्थ बल्ब लावून तपासला का, हे विचारल्याशिवाय ईसीएमच्या गप्पा ऐकूच नयेत.

बोल्टचे फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. ‘सर, आतला बोर्ड रिपेअर केला होता.’ बोल्ट न काढता? त्यावर कामगाराला दोन शिव्या, मला चहा आणि १० हजार परत. ‘बाकीचे पुढच्या सर्व्हिसिंगला ॲडजस्ट करू.’ १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करायची म्हणून घरी कागद काढले. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, गाडीचा नंबरसुद्धा नाही. नुसतं ‘ईसीएम वर्क’.