घरी बनवलेला ई-सायकल कंट्रोलर: दहा महिने, एक पावसाळा आणि १६ मिलिमीटरचा ट्रॅक

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या ई-सायकलचा रेडिमेड कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारी डबी, पौड रोडवर भर पावसात बंद पडला. घेऊन सात महिने झाले होते, वॉरंटी वर्षाची. दुकानातल्या माणसाने डबी कानाशी हलवली आणि म्हणाला, "सर, पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही." पुण्यात सायकल चालवायची आणि पावसात काढायची नाही, हे कसं जमायचं? तीन चकरा मारल्या, उत्तर बदललं नाही. घरी उघडून पाहिलं तर वायरी डबीत वरून शिरत होत्या, पाणीही त्याच वाटेने आत गेलेलं. त्यात मॉसफेटवर, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांवर, काळा एपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) ओतलेला, म्हणजे दुरुस्तीचा प्रश्नच मिटला. २,२०० रुपये गेले. तेव्हाच ठरवलं, पुढच्या कंट्रोलरचा सर्किट बोर्ड मी स्वतः बनवणार, आणि तो मला उघडता आला पाहिजे.

३६ व्होल्ट, २५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी), सहा मॉसफेट आणि सॉफ्टवेअर चालवायला एसटीएम ३२ ही चिप. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत बांधून ठेवलाय, कारण २५० वॅट किंवा २५ किलोमीटरच्या पुढे गेलं की नोंदणी, लायसन्स सगळं मागे लागतं. डिझाइन कायकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. बोर्ड बनवून देणारे पाचांशिवाय ऑर्डर घेत नव्हते, पाच घेतले. सुटे भाग तपकीर गल्लीतून. ४११० मॉसफेट घेणार असाल तर तपासून घ्या: गेटला (मॉसफेट चालू करणाऱ्या पायाला) १० व्होल्ट द्यायचे, ५ अँपियर सोडायचे आणि ड्रेन-सोर्समध्ये (करंट वाहणाऱ्या दोन पायांमध्ये) किती व्होल्टेज पडतं ते मोजायचं. माल खरा असेल तर २० मिलिव्होल्टच्या आसपास येतं. माझ्या बारापैकी चारांवर ६० आलं. दुकानदाराने मात्र काही न बोलता बदलून दिले.

सगळा खर्च ३,४०० झाला. म्हणजे रेडिमेडपेक्षा महाग, हे आधीच सांगतो.

नोव्हेंबरपासून कोथरूड डेपो ते बावधन, रोज जाऊन-येऊन. मार्चमध्ये एक मॉसफेट गेला. शंभरएक रुपयांचा नवा आणला, अर्ध्या तासात सोल्डर केला, दुसऱ्या दिवशी ऑफिसला सायकलवरच. त्या दिवशी ३,४०० रुपये वसूल झाल्यासारखं वाटलं.

पण एप्रिल-मेमध्ये लिहिलं असतं तर माझ्याच बोर्डाला पाचपैकी दोनच स्टार दिले असते. भुसारी कॉलनी सोडून चांदणी चौकाचा चढ लागला की सायकल सुरुवातीला छान ओढायची आणि वर पोहोचेपर्यंत ढेपाळायची. बॅटरी बदलून पाहिली, हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते सांगणाऱ्या) वायरी हलवून पाहिल्या, सॉफ्टवेअर चार वेळा वाचलं. सॉफ्टवेअरमध्ये करंटची मर्यादा १५ अँपियरची, पण बॅटरीच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावून चढ चढलो तर वरच्या टप्प्यात १३ च्या वर आकडा जाईना.

शेवटी रविवारी बोर्ड टेबलावर घेतला. १२ व्होल्टचा सप्लाय आणि गाडीचा हेडलाइट बल्ब शंटमधून (ज्यावरून बोर्ड करंट मोजतो त्या छोट्या रेझिस्टरमधून) जोडला, ५ अँपियर. बोर्डही ५ दाखवत होता. मग बायकोचा हेअर ड्रायर त्यावर धरला. मीटर ५ वरच, बोर्डाचा आकडा मात्र ५.२, ५.४, ५.६. ड्रायर बंद केला की हळूहळू परत खाली. तिथे डोक्यात प्रकाश पडला.

शंट १ मिलिओहमचा. करंट मोजायच्या दोन्ही तारा थेट त्याच्या पायांवरून घ्यायच्या असतात. मी एक तार सोयीची जागा दिसली म्हणून १६ मिलिमीटर पलीकडून घेतली होती आणि मधला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) ४ मिलिमीटर रुंद. साध्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या चौरस तुकड्याचा रेझिस्टन्स साधारण अर्धा मिलिओहम, मग तो चौरस केवढाही असो. इथे असे चार चौरस, म्हणजे २ मिलिओहम. शंटच्या दुप्पट! मी मोजत होतो ते मुख्यतः तांबं, आणि तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. गार बोर्डावर सॉफ्टवेअरमध्ये आकडा जुळवून घेतल्यामुळे चूक झाकली गेली. चढावर ट्रॅक तापला की बोर्डाला करंट जास्त वाटायचा आणि तो हात आखडता घ्यायचा.

नव्या बोर्डांची १,४०० रुपयांची ऑर्डर तयार होती, ती रद्द केली. ब्लेडने करंट मोजायचे जुने दोन बारीक ट्रॅक कापले, एनॅमलच्या दोन तारा पिळून थेट शंटच्या पायांवर सोल्डर केल्या आणि आकडा पुन्हा जुळवला. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी चांदणी चौकापर्यंत १५ अँपियर, शेवटच्या वळणावरसुद्धा. तुम्ही बोर्ड डिझाइन करत असाल तर बाकी काही विसरा, पण शंटच्या या दोन तारा विसरू नका.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. थ्रॉटलची (हँडलवरच्या वेगाच्या मुठीची) ग्राउंड वायर तुटली तर सिग्नल ५ व्होल्टकडे चढतो आणि कंट्रोलरला वाटतं तुम्ही पूर्ण पिळलंय. म्हणून ४.५ च्या वर सिग्नल दिसला की माझा बोर्ड मोटर बंद करतो. एवढं केल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

पावसाळ्यासाठी वायरी डबीत खालून घेतल्या, शिरण्याआधी त्यांना लोंबता झोळ दिला आणि बोर्डावर लॅकर मारलं. जुलैच्या झडीनंतर डबी उघडली तेव्हा बोर्ड कोरडा होता.

उरलेल्या चार बोर्डांपैकी एक ऑफिसातल्या मित्राच्या सायकलला बसवतोय. त्यावर सगळ्यात आधी ते दोन ट्रॅक कापले.